'तुघलक' आणि 'घाशीराम' शिकवताय, तर त्या बाईचा अर्जही शिकवा: अभ्यासमंडळांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
मराठी व नाट्यशास्त्र अभ्यासमंडळं,
महाराष्ट्रातली सगळी विद्यापीठं

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे सगळीकडे सिलॅबस परत बसवणं चाललंय, कुठलं पुस्तक कुठल्या सेमिस्टरला, कशाला किती क्रेडिट, हे सगळं ठरतंय, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय. एकदा पीडीएफ वेबसाइटवर चढली की पुढची काही वर्षं त्यात कोणी हात घालत नाही हे आपल्याला सगळ्यांनाच माहितीये. मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, नाटक हा माझा जिव्हाळ्याचा विषय, आणि मला बोलायचंय ते दोन नाटकांबद्दल. गिरीश कर्नाडांचं 'तुघलक', म्हणजे चौदाव्या शतकातल्या दिल्लीच्या सुलतानावरचं, आणि विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल', म्हणजे पेशवाईतले नाना फडणवीस आणि त्यांचा कोतवाल यांच्यावरचं. ही दोन्ही एकाच पेपरात नेमा एवढीच माझी विनंती आहे.

दोन्ही नाटकं कुठे ना कुठे अभ्यासक्रमात असतातच, पण बहुतेक वेळा वेगवेगळ्या पेपरांत. तुघलक अनुवादित साहित्यात नाहीतर भारतीय रंगभूमीत, घाशीराम आधुनिक मराठी नाटकात. ती एकमेकांशेजारी ठेवून वाचायला मुलांना कोणी सांगत नाही, आणि हे मला खरंच पटत नाही, कारण ही दोन नाटकं जवळजवळ सख्खी आहेत. तुघलक कर्नाडांनी १९६४ साली कन्नडमध्ये लिहिलं, त्याचा मराठी अनुवाद केला तो स्वतः तेंडुलकरांनी, आणि त्याच तेंडुलकरांचं घाशीराम १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात रंगमंचावर आलं. म्हणजे ज्या हाताने तुघलकाची वाक्यं मराठीत आणली त्याच हाताने पुढे नाना फडणवीस लिहिला. कोणी कोणाचं काय उचललं वगैरे मला म्हणायचंच नाहीये. पण एक राज्यकर्ता, त्याच्या राज्यात वर चढणारा एक लबाड माणूस, आणि त्या दोघांच्या पायाखाली मरणारी माणसं हा सांगाडा दोन्हीकडे आहे, आणि तो शेजारी शेजारी ठेवला की जे दिसतं ते एकेकटं वाचून दिसत नाही.

आता आपण परीक्षेत काय विचारतो ते बघा. 'तुघलकाची व्यक्तिरेखा रेखाटा.' 'नाना आणि घाशीराम यांच्या स्वभावचित्रणातील फरक स्पष्ट करा.' 'घाशीराममधील लोकनाट्याच्या घटकांचे विवेचन करा.' शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं, रंगमंचावर ओळीने उभं राहून पडदा होणारी ती ब्राह्मणांची माणसांची भिंत, हे सगळं शिकवायलाच हवं. पण पहिले दोन प्रश्न जे आहेत ना, त्यांची उत्तरं मी वर्षानुवर्षं तपासतेय आणि गठ्ठ्यातल्या प्रत्येक पेपरात तेच वाक्य असतं. तुघलक हा काळाच्या पुढे असलेला पण दुर्दैवी राजा होता. नाना हा विलासी आणि धूर्त होता. गाईडमधून आलेलं वाक्य, मुलं पाठ करतात, आपण मार्क देतो, संपलं. सत्तेवरच्या माणसाचा स्वभाव कसा होता एवढं कळलं म्हणजे नाटक कळलं असं आपण मुलांना शिकवतोय, आणि हीच मुलं उद्या मतदार होणार, कोणी तलाठी होणार, कोणी पोलीस भरतीत जाणार, कोणी एमपीएससी काढून साहेब होणार, आणि तिथेही ती विचारणार की साहेब स्वभावाने कसे आहेत. साहेबांच्या सहीने काय झालं आणि त्याचं उत्तर कोणी द्यायचं हा प्रश्न त्यांना कधी पडणारच नाही, कारण आपण तो कधी विचारलाच नाही.

तुघलकावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मुलं त्याच्या प्रेमात पडतात. मीही पडते, दर वेळी. माणूसच तसा लिहिलाय. बुद्धिमान, वाचलेला, सादीच्या कवितेतल्यासारखी गुलाबाची बाग लावायचं स्वप्न बघणारा, बुद्धिबळ खेळणारा, हिंदूंना जिझिया माफ करणारा. नाटक सुरूच होतं ते न्यायालयाच्या बाहेर, १३२७ सालच्या दिल्लीत, जिथे एका ब्राह्मणाने खुद्द सुलतानावर दावा लावलाय की माझी जमीन बेकायदा घेतली, आणि काझी सुलतानाच्या विरोधात निकाल देतो, सुलतान भर लोकांत तो निकाल मान्य करतो, भरपाई देतो, वर नोकरीही देतो. वाचताना अंगावर येतं, राजा असावा तर असा असं वाटतं. आणि मग कळतं की तो ब्राह्मण ब्राह्मणच नाही, अझीझ नावाचा एक धोबी आहे, त्याने सुलतानाच्या न्यायप्रेमाची जाहिरात ऐकून खोटं नाव घेऊन दावा ठोकला होता. म्हणजे अख्ख्या नाटकात सुलतान एकदाच कोणाला तरी जाब देतो, आणि तो जाब मागणारा नेमका खोटा निघतो. खरी नुकसान झालेली माणसं पुढे नाटकभर येत राहतात आणि त्यांच्यासाठी असं न्यायालय पुन्हा भरत नाही. माझ्या मते कर्नाडांनी नाटकाची किल्ली पहिल्याच प्रवेशात ठेवलीय आणि आपण ती 'सुलतानाची न्यायप्रियता' असं हेडिंग देऊन नोट्समध्ये पुरून टाकतो.

त्याच प्रवेशात तो राजधानी दौलताबादला हलवायचं जाहीर करतो. कारणं ऐकली तर चूक वाटत नाहीत, दिल्ली सरहद्दीजवळ आहे, साम्राज्य दक्षिणेपर्यंत पसरलंय, दौलताबाद हिंदूंचं शहर आहे तर तिथे राहून दोन्ही समाज जोडता येतील. आणि तेव्हा तो म्हणतो की हे आमंत्रण आहे, हुकूम नाही, ज्यांचा माझ्यावर विश्वास आहे त्यांनीच यावं. हे लक्षात ठेवा. पुढे अमीर त्याच्याविरुद्ध कट करतात, नमाजाच्या वेळी त्याला मारायचं ठरवतात, कट फुटतो, आणि त्यानंतर तेच आमंत्रण एका रागाच्या भरात हुकूम होतं, दिल्लीतल्या प्रत्येक माणसाने निघायचं, कोणी मागे राहायचं नाही. कट करणारे मूठभर सरदार, शिक्षा अख्ख्या शहराला. आपल्यातले किती जण वर्गात या एका वळणावर थांबतात? मी तरी कुठल्या गाईडमध्ये हे वेगळं काढून दाखवलेलं बघितलं नाही.

आणि मग येतो तो रस्त्यावरच्या छावणीचा प्रवेश. दिल्ली ते दौलताबाद. अझीझ तिथे आता सरकारी अधिकारी झालाय, त्याच खोट्या ब्राह्मणाच्या नावाने, त्याच निकालात मिळालेल्या नोकरीवर. एक बाई येते, कडेवरचं मूल तापलेलं, तिला हकीमाकडे जायचंय, थोड्या वेळाची परवानगी हवीय. तो पैसे मागतो. ती म्हणते होते तेवढे आहेत ते औषधाला लागणार, नवराही आजारी आहे. तो देत नाही परवानगी. ती जाते. अझीझचा मित्र विचारतो की अरे जाऊ दिलं असतंस तर काय बिघडलं असतं, आणि अझीझ अगदी शांतपणे सांगतो की पोर तसंही मरणारच आहे, हकीमावरचा खर्च तरी वाचला. एवढाच प्रसंग. सुलतान त्यात कुठेच नाही. पण मी हा प्रवेश वर्गात मोठ्याने वाचून घेते, मुलींकडून आणि मुलांकडूनही, आणि मग विचारते की या मुलाच्या मरणाचा जबाब कोणी द्यायचा. बहुतेक मुलं म्हणतात अझीझने. मग मी विचारते, अझीझला नोकरी कोणी दिली, ती देताना कोणी चौकशी केली का, छावणीतल्या अधिकाऱ्याच्या वर कोण होतं, बाईने दाद मागायची तर कुठे जायचं होतं. तेव्हा वर्ग गप्प होतो आणि मला वाटतं खरं शिकवणं तिथून सुरू होतं.

सुलतानाच्या बाजूने एक गोष्ट हमखास सांगितली जाते, की तो स्वतःची पापं स्वतः उचलतो, लपत नाही. हे अर्धंच खरं आहे. कटात सामील असलेल्या शिहाबुद्दीनला तो स्वतःच्या हाताने भोसकतो हे बरोबर, पण लगेच जाहीर काय करतो, की शिहाबुद्दीन सुलतानाला वाचवताना शहीद झाला. त्याच्यावर उघड टीका करणाऱ्या, दिसायलाही त्याच्यासारख्याच असलेल्या शेख इमामुद्दीनला स्वतःसारखे कपडे घालून, शांतिदूत म्हणून पाठवून मारवतो आणि वर शोक पाळतो. सावत्र आईसमोर, बंद दारामागे, तो सगळं कबूल करतो, खून केले, पण एका आदर्शासाठी केले म्हणतो. म्हणजे कबुली आत आणि बाहेर दप्तरात खोटी नोंद. त्याचा अंतरात्मा त्याला खातो, झोप उडते, हे सगळं खरंय आणि कर्नाडांनी ते इतकं ताकदीने लिहिलंय की आपण त्याच्या तडफडीत अडकतो, पण त्या तडफडीचा त्या बाईला काय उपयोग? तिचं मूल गेलं, आणि सुलतान दौलताबादच्या तटावर रात्री जागा आहे, हे दोन वेगळे हिशेब आहेत. पश्चात्ताप झाला म्हणजे जबाबदारी पार पाडली असं नसतं. एवढं एक वाक्य जरी मुलांच्या डोक्यात शिरलं तरी माझ्या लेखी पेपर वसूल.

(तटाचा विषय निघालाच आहे तर, मराठवाड्यातल्या कॉलेजांची सहल देवगिरीला, म्हणजे याच दौलताबादच्या किल्ल्यावर, जातेच जाते. किल्ल्यातली ती अंधारी वाट बघून मुलं बाहेर येतात, सेल्फी काढतात, आणि त्याच वाटेबद्दल नाटकात दोन पहारेकरी बोलतात हे त्यांना माहीतच नसतं. तो प्रवेश तिथे बसून वाचून घ्यायला काय हरकत आहे.)

आता नाना. तेंडुलकरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे ऐतिहासिक नाटक नाही, तरी गदारोळ झालाच. ते करणाऱ्या पीडीए या पुण्यातल्या नाट्यसंस्थेने १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवलं, त्यातून बाहेर पडलेल्या कलाकारांची थिएटर अकॅडमी उभी राहिली, पुढे १९८० ला युरोप दौऱ्याच्या वेळी पुन्हा वाद. सगळा वाद कशावर, तर नाना फडणवीस खरंच असे होते का. पेशवाईचं राजकारण इतकी वर्षं पेलणारे इतिहासातले नाना हा वेगळा अभ्यास आहे, तो इतिहासाच्या विभागाने जरूर करावा, आणि त्यांच्याबद्दल आदर असणाऱ्यांच्या भावनाही मी समजू शकते. पण नाटकातला नाना इतिहासातल्या नानांसारखा आहे का या भांडणात नाटकाने विचारलेला प्रश्न तसाच पडून राहिला. तिथेही आपण स्वभावावरच भांडलो.

नाटकातला नाना काय करतो? कनौजचा एक उपरा ब्राह्मण, घाशीराम सावळदास, पुण्यात येतो, बावनखणीत, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीत, गुलाबीकडे नाचतो, नानाकडून बक्षीस मिळालेला हार त्याच्याकडून हिसकावला जातो, मग ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाते त्या वेळी त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, मार खातो, कोठडीत पडतो, शहराबाहेर हाकलला जातो. तो सूड घ्यायची शपथ घेतो आणि परत येतो तो पोटची पोर, ललितागौरी, नानापुढे करून कोतवाली, म्हणजे शहराच्या बंदोबस्ताचा अधिकार, मिळवायला. सौदा होतो. आणि सही झाल्यावर नानाचं जे स्वगत आहे ते प्रत्येक प्रशासनाच्या विद्यार्थ्याला पाठ असायला हवं असं माझं प्रामाणिक मत आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की हा माणूस उपरा आहे, त्याचं इथे कोणी नाही, तो आमच्यावरच अवलंबून राहणार, आमच्या विरोधकांना जाऊन मिळणार नाही, आणि आम्ही जे करू ते त्याच्या खात्यावर जमा होईल. करणार आम्ही, शिव्या खाणार कोतवाल. म्हणजे घाशीराम काय करणार हे नानाला माहीत नव्हतं असं अजिबात नाही, किंबहुना नेमणूकच त्यासाठी केलीय. तुघलकाने अझीझला न ओळखता नोकरी दिली, नानाने घाशीरामला नीट ओळखून दिली. दोघांच्या दोषात हा मोठा फरक आहे आणि तो मुलांना दिसला पाहिजे. पण परिणामाच्या बाजूने बघा, छावणीतली बाई आणि घाशीरामच्या पुण्यात रात्री बाहेर पडायला लागणाऱ्या परवान्याविना पकडला गेलेला माणूस, दोघांसमोर उभा असलेला सरकारी माणूस सारखाच आहे, आणि त्याच्या वर जायला दोघांनाही वाट नाही.

घाशीरामच्या राज्यात एका ब्राह्मणाला चोरीच्या संशयावरून तापलेला लोखंडी गोळा हातात धरायला लावतात. दिव्य म्हणे, म्हणजे आरोपी खरा की खोटा हे ठरवायची जुनी परीक्षा. मला तुघलकातला तो पहिला प्रवेश आणि हा दिव्याचा प्रवेश एका तासाला शिकवायला फार आवडतं. एकीकडे न्यायाचा देखणा सोहळा ज्यात वादी खोटा, दुसरीकडे न्यायाच्या नावाखाली छळ ज्यात आरोपीला बोलायचीच सोय नाही. दोन्हीकडे न्याय हा राज्यकर्त्याच्या मर्जीचा कार्यक्रम आहे, लोकांचा हक्क नाही. सुलतान चांगल्या मनाने करतो, कोतवाल सूडाने करतो, पण मर्जी ती मर्जीच. चांगल्या राजाची मर्जी उद्या फिरली की काय होतं ते कर्नाडांनी पुढच्या प्रवेशांत दाखवलंच आहे.

मग ते तेलंगी ब्राह्मण. परगावचे, भुकेलेले, घाशीरामच्या बागेतली फळं तोडतात, पकडले जातात, एवढ्याशा कोठडीत कोंबले जातात आणि गुदमरून मरतात. पुणं पेटतं. ब्राह्मणांचा जमाव नानाच्या वाड्यावर जातो आणि मागतो काय, तर घाशीराम. कोतवाल कोणी नेमला, त्याच्या कारभाराकडे इतके दिवस कोणी बघितलं नाही, असं एकही जण विचारत नाही. नाना हुकुमावर सही करतो, घाशीराम जमावाच्या हवाली. ज्या हाताने नेमणूक त्याच हाताने हा हुकूम, आणि मधल्या काळाबद्दल एक अवाक्षर नाही. नंतर लोकांपुढे येऊन पुण्यावरचं संकट टळलं म्हणून सांगतो आणि उत्सव जाहीर करतो. आणि लोक नाचतात. माझ्या मते तेंडुलकरांचा सगळ्यात मोठा आरोप नानावर नाही, या नाचणाऱ्यांवर आहे. हेच ते, जे नाटकाच्या सुरुवातीला कीर्तनाला निघालोय सांगत बावनखणीत जात होते. त्यांना रक्त हवं होतं, ते मिळालं, हिशेब कोणाला हवा होता? संपूर्ण नाटकात स्वतःहून शिक्षा मागणारा एकच माणूस आहे आणि तो घाशीराम, मरताना, पोरीच्या मरणाची शिक्षा द्या म्हणून ओरडणारा. ललितागौरी नानामुळे गरोदर राहते आणि बाळंतपणाच्या भानगडीत मरते, आणि नाना तोवर पुढच्या लग्नाच्या तयारीत. बापाने जाब विचारला तर नाना देवाची इच्छा म्हणून मोकळा होतो. विकणारा बाप निदान शेवटी बोलला. घेणारा शेवटपर्यंत बोलला नाही.

आणि आता दोन्ही शेवट शेजारी ठेवा, कारण मी हे पत्र मुख्यतः यासाठी लिहितेय. अझीझ अखेर पकडला जातो. तोवर त्याने सुलतानाच्या प्रत्येक योजनेवर धंदा केलाय, छावणीत लाच, सुलतानाने चांदीच्या मोलाची तांब्याची नाणी काढली तर खोटी नाणी, आणि शेवटी खलिफाच्या घराण्यातल्या घियासुद्दीनला मारून त्याच्याच वेषात दरबारात. तो सुलतानाला सांगतो की मी तर तुमचा सगळ्यात निष्ठावान शिष्य, तुमची प्रत्येक घोषणा मी मनापासून ऐकली. आणि सुलतान त्याला माफ करतो, वर दख्खनच्या फौजेत अधिकारी करून पाठवतो. तिकडे नाना घाशीरामला दगडांनी मारायला देतो. एकाने माफी दिली, एकाने मरण दिलं, पेपरात मुलं लिहितात की हा दोघांतला मोठा फरक. मला यात फरकापेक्षा साम्यच मोठं वाटतं. दोघांनीही चौकशी होऊ दिली नाही. अझीझवर रीतसर खटला चालला असता तर साक्षीला ती छावणीतली बाई आली असती, नाण्यांनी बुडालेले व्यापारी आले असते, आणि प्रत्येक साक्षीत सुलतानाचा हुकूम निघाला असता. घाशीरामवर खटला चालला असता तर नेमणुकीचा कागद निघाला असता, ललितागौरीचं नाव निघालं असतं. माफी देऊन दार बंद करता येतं आणि जमावाच्या हाती देऊनही बंद करता येतं.

आता वर्गात मी काय करते ते सांगते, कारण नुसती तक्रार करून उपयोग नाही. मी मुलांना दोन अर्ज लिहायला सांगते. एक छावणीतल्या बाईचा, दुसरा कोठडीत मेलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी कोणाच्या तरी भावाचा. आपल्या सगळ्यांना पाठ असलेला फॉरमॅट, प्रति, विषय, महोदय, वरील विषयास अनुसरून. मजकूर लिहायला मुलांना काहीच अडचण येत नाही, उलट फार सुंदर लिहितात, ग्रामीण भागातल्या मुली तर असं लिहितात की वाचवत नाही, कारण त्यांनी घरच्यांसाठी असे अर्ज खरोखर लिहिलेले असतात, पीक विम्याचे, रेशन कार्डाचे. अडकतात ते वरती. एका मुलीने लिहिलं, प्रति, मा. सुलतान, दौलताबाद, आणि त्याखाली सवयीने लिहिलं, मार्फत, छावणी अधिकारी. लिहिलं आणि पेन ठेवून माझ्याकडे बघायला लागली. छावणी अधिकारी म्हणजे अझीझ. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच मार्फत तक्रार. दुसऱ्या अर्जावर एका मुलाने मा. कोतवाल साहेब लिहिलं, खोडलं, मग श्रीमंत नाना फडणवीस लिहिलं, आणि मग म्हणाला, मॅडम, पण नेमलं तर यांनीच ना. त्या दिवशी वर्गात जी चर्चा झाली ती कुठल्याही व्यक्तिरेखा रेखाटा प्रश्नातून झाली नसती. कोणी म्हणालं काझीकडे जावं, तर दुसऱ्याने विचारलं काझी कोणाचा नोकर. कोणी म्हणालं बरनीकडे द्यावा अर्ज, तो इतिहासकार आहे, निदान लिहून तरी ठेवेल, आणि मग मुलांनीच शोधून काढलं की बरनी सुलतानाच्या शेजारी बसून बरंच काही बघतो आणि आई गेल्याचं निमित्त झाल्यावर निघून जातो. सेकंड इयरची मुलं ही. यांना जमत नाही असं आपण कुठल्या आधारावर ठरवलंय?

मला माहितीये, काही सदस्य म्हणतील की नाटक ही कला आहे, त्याला नागरिकशास्त्राचा तास कशाला करायचा. या मताचा मला आदर आहे पण मी त्याच्याशी अजिबात सहमत नाही. कर्नाड स्वतः सांगायचे की इतका आदर्शवादी आणि हुशार राजा वीस वर्षांत कसा कोसळला याने त्यांना पछाडलं होतं आणि त्यात त्यांना आपला काळ दिसला होता. तेंडुलकरांना घाशीराम ही एका काळातली व्यक्ती वाटतच नव्हती, परिस्थिती असे घाशीराम घडवत असते असंच त्यांचं म्हणणं होतं. लेखकच जर सत्तेबद्दल बोलत असतील तर आपण सत्ता वगळून फक्त स्वभाव आणि शैली शिकवणं म्हणजे त्यांचं निम्मं नाटक कापणं. आणि हेही सांगते की जबाबदारीचा प्रश्न घेऊन नाटक वाचलं तर रचना जास्त चांगली कळते, कमी नाही. तुघलकात अझीझचे प्रवेश मध्ये मध्ये का येतात, घाशीराममध्ये तीच माणसं भिंत का होतात आणि तीच जमाव का होतात, हे कोण कोणाला जाब देतं असं विचारल्यावर मुलांना आपोआप उमगतं.

दुसरा आक्षेप वेळेचा. दोन नाटकं एका सेमिस्टरला जड जातील. तर मग माझी विनंती अशी, की दोन्ही पूर्ण नेमू नका हवं तर, एक पूर्ण आणि दुसऱ्याचे निवडक प्रवेश नेमा, पण एकाच पेपरात नेमा. निवडायचे झाले तर तुघलकातला पहिला, छावणीचा आणि शेवटचा प्रवेश सोडू नका, आणि घाशीराममधलं नेमणुकीनंतरचं स्वगत, दिव्य, आणि वाड्यावरचा जमाव. अंतर्गत मूल्यमापनाला वीस-तीस मार्क असतातच, त्यात हा अर्ज लेखनाचा उपक्रम बसतो, वेगळा खर्च नाही, प्रोजेक्टर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. आणि प्रश्नपत्रिकेच्या नमुन्यात 'व्यक्तिरेखा रेखाटा'च्या जागी किमान एक प्रश्न असा टाका: 'अझीझ आणि घाशीराम यांच्या कृत्यांची जबाबदारी अनुक्रमे तुघलक आणि नाना यांच्यावर कितपत येते, आणि त्या दोघांनी ती कशी टाळली, हे प्रसंगांच्या आधारे लिहा.' याचं तयार उत्तर बाजारात अजून नाही, म्हणून पहिली एक-दोन वर्षं तरी मुलांना स्वतः नाटक वाचावं लागेल.

अजून एक छोटी गोष्ट. तुघलकाच्या मराठी अनुवादाच्या प्रती ग्रामीण कॉलेजांच्या लायब्ररीत सहसा मिळत नाहीत, मुलं कुठूनतरी अर्धवट झेरॉक्स आणून वाचतात. पुस्तक नेमताना ते मिळतंय का हे आधी बघा आणि मिळत नसेल तर विद्यापीठाने प्रकाशकाशी बोलून सोय करावी, हे मंडळाचंच काम आहे, मुलांचं नाही.

माझ्या मुलांनी लिहिलेले अर्ज मी जपून ठेवलेत. त्यांची परवानगी घेऊन, नावं काढून, मी ते मंडळाला द्यायला तयार आहे. बैठकीला बोलावलंत तर स्वखर्चाने येईन, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना अशा बैठकीत बोलवायची पद्धत नाही हे माहीत असूनही विचारतेय. सिलॅबस फायनल करायच्या आधी ते अर्ज एकदा वाचावेत एवढी कळकळीची विनंती.

आपली नम्र,
तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारी एक शिक्षिका